गाडी कुठे अडते, ते आधी लिहून काढा

पाटण तालुक्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यातल्या डोंगरवाड्यांवर मी जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते. नवजाच्या बाजूला बहुतेक वर्षी पावसाचा आकडा पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. डांबर वाडीच्या बरंच खाली संपतं. पुढे लाल मातीची चढण, मध्ये एखादा ओढा आणि वर कातळ. रात्री गाय अडल्याचा फोन आला की याच वाटेनं जायचं असतं. माझ्याकडे जुनी मारुती जिप्सी आहे, पगारातून पैसे साठवून वापरलेली घेतलेली. तिच्यावर करायचा खर्चही त्याच पगारातून येतो.

अलीकडे माझ्या भागात फोर बाय फोर गाड्या वाढल्या आहेत. कुणी थार घेतली, कुणी जिम्नी, कुणी काकांची जुनी मेजर दुरुस्त करून काढली. यातले बरेच जण मला विचारतात, ''ताई, गाडीला काय काय लावायचं?'' मी त्यांना उलट विचारते, ''तुमची गाडी अडते कुठे?'' उत्तर बहुतेकांकडे नसतं. हातात मात्र दुकानातली यादी असते: छतावरचा कॅरिअर, पुढचा लोखंडी बंपर, दिव्यांची पट्टी, उंची वाढवणारा किट. यादी अशीच वरून खाली घेत गेलं तर पैसा संपतो आणि गाडी त्याच वळणावर, त्याच चिखलात रुतते. पैसा थोडा असेल तर क्रम फार महत्त्वाचा. तो क्रम कसा लावायचा आणि का, हे सांगण्यासाठी हा लेख.

एक वही आणि एक पावसाळा

गाडीसाठी मी एक साधी वही ठेवते. गाडी अडली, घसरली, खाली घासली किंवा ओढून काढावी लागली की चार गोष्टी लिहायच्या: जागा कोणती, नेमकं काय झालं, कशानं सुटली आणि हवा किती होती. हवा म्हणजे टायरमधली.

एका पावसाळ्यात चित्र स्पष्ट होतं. माझ्या वहीत सर्वांत जास्त नोंदी ओल्या लाल मातीच्या चढावर चाकं फिरण्याच्या आहेत. त्याखालोखाल दगडावर पोट घासण्याच्या. मग ओढ्यातून निघाल्यावर ब्रेक न लागण्याच्या. इंजिनाची ताकद कमी पडल्याची नोंद एकही नाही. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन ८० अश्वशक्तीचं, आजच्या मानानं लहानच. पण ट्रान्स्फर केसचा खालचा गिअर, म्हणजे फोर-लो, टाकला की चाकापर्यंत पोचणारा जोर वाढतो आणि गाडी चालण्याच्या वेगानं शांतपणे चढते. ताकद पुरेशी होती, जमिनीवरची पकड कमी पडत होती. हे समजल्यावर निम्मी यादी आपोआप खोडली गेली.

तुमची वही वेगळं सांगेल. शेताच्या बांधावर जाणाऱ्याची गरज वेगळी, काळ्या मातीत फिरणाऱ्याची वेगळी, सुट्टीत मित्रांबरोबर जाणाऱ्याची वेगळी. म्हणून दुसऱ्याची गाडी बघून खर्च ठरवू नका.

आधी तब्येत, मग दागिने

वापरलेली गाडी घेतली असेल तर पहिला पैसा मिस्त्रीचा. माझे मिस्त्री कराडचे. गाडी आली की ते आधी पुढचं चाक जॅकवर उचलतात. मग चाकाला वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवतात. 'टक' असा आवाज आला की किंगपिन किंवा बेअरिंगमध्ये खेळ आहे. मग तेच चाक डावी-उजवीकडून धरून हलवतात, तिथे स्टिअरिंगचे जोड कळतात. शेवटी गाडीखाली झोपून प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हातानं पिळून बघतात. या तपासणीला कोणतंही यंत्र लागत नाही, आणि पुढच्या सगळ्या खर्चाची दिशा तीच ठरवते. खेळ असलेल्या किंगपिनवर मोठे टायर चढवले तर स्टिअरिंग थरथरतं, जोड लवकर झिजतात आणि नवे टायरही वेडेवाकडे घासतात.

जिप्सीला पुढे-मागे पाटे आहेत. जुन्या गाडीच्या पाट्यांमध्ये गंज धरतो, पानं एकमेकांवर सरकत नाहीत आणि पाटा दगडासारखा कडक होतो. लोकांना वाटतं, गाडीच दणकट आहे. खरं तर खड्ड्यात चाक खाली जायला हवं तेव्हा ते वर लटकत राहतं, आणि लटकलेलं चाक काही कामाचं नसतं. पाटे खोलून, पानं घासून, मध्ये ग्रीस लावून, झिजलेले बुश बदलून घेतले की चाक पुन्हा जमिनीला धरून चालतं. यासाठी नव्या सस्पेन्शनच्या मानानं अगदी कमी पैसे लागतात. माझ्या गाडीत मागे द्रव नायट्रोजनचं भांडं असतं. कृत्रिम रेतनाचा माल त्यात असतो आणि ते कलंडून चालत नाही. त्यामुळे पाटे मोकळे झाले तेव्हा फरक मला पहिल्याच फेरीत कळला.

याच टप्प्यात ब्रेक, कुलंट, सगळी तेलं आणि बॅटरीच्या तारा बघून घ्याव्यात. जुन्या गाडीचे हेडलाइट मंद असतील तर जादा दिवे घेण्याआधी रिले लावून वायरिंग करून घ्या. जुन्या स्विचमधून आणि लांब तारांमधून येताना व्होल्टेज गळतं. रिलेमुळे बॅटरीची वीज जवळजवळ पूर्ण बल्बपर्यंत पोचते. त्याच वॅटचा, कायदेशीर बल्ब स्पष्ट उजेड देतो आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत.

टायर आणि त्यातली हवा

तब्येत झाली की सर्वांत मोठा वाटा टायरांचा. ढोबळमानानं टायरांचे तीन प्रकार: रस्त्याचे एचटी, मिश्र वापराचे एटी आणि चिखलाचे एमटी. एमटीच्या ठोकळ्यांमध्ये मोठ्या फटी असतात, त्यातून चिखल बाहेर फेकला जातो. पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी, आवाज जास्त आणि पेट्रोलही जास्त जातं. गाडीचा बहुतेक प्रवास डांबरावर आणि शेवटचा तुकडा कच्च्यावर असेल, तर एटी बरे. माझ्या गाडीला एटीच आहेत.

मापाचा मोह आवरावा. जिम्नीला कंपनीचा टायर १९५/८० आर १५ येतो. त्याचा व्यास साधारण ६९३ मिलिमीटर. काही जण तिथे २३५/७५ आर १५ चढवतात, त्याचा व्यास साधारण ७३३. व्यासात फरक ४० मिलिमीटरचा, पण धुरा चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून उंची वाढते निम्मी, फक्त २० मिलिमीटर. त्या दोन सेंटिमीटरसाठी बरंच काही द्यावं लागतं. गाडीचे सगळे गिअर सुमारे सहा टक्क्यांनी उंच होतात, म्हणजे चढावर ओढ कमी होते. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेत्रेसष्टच्या आसपास पळत असते. ब्रेकना जड चाक थांबवावं लागतं. वळताना टायर मडगार्डला घासू शकतो. म्हणून कंपनीनं त्या मॉडेलसाठी सांगितलेल्या मापातच राहावं आणि पैसा टायरच्या दर्जावर खर्च करावा.

स्टेपनीसुद्धा त्याच मापाची हवी. फोर बाय फोरमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचं झालं की पुढचा-मागचा हिशेब बिघडतो आणि ताण गिअरवर येतो. याच कारणानं जिप्सीसारख्या गाड्यांत कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकायचं नसतं. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर घसरायला जागाच नसते.

आता हवा. या सगळ्या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट हीच. रस्त्यावर आपण तीस पीएसआयच्या आसपास हवा ठेवतो. चढणीच्या पायथ्याशी थांबून मी ती अठरापर्यंत उतरवते. टायरच्या बाजूला बसायचं, व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवायची, पिन दाबून धरायची आणि थोड्या थोड्या वेळानं गेज लावून बघायचं. वीसच्या खाली येताना टायरचं पोट जमिनीवर पसरायला लागतं आणि जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो. रबर दगडाच्या कडेवर ताठ उभं राहण्याऐवजी तिला लपेटून घेतं. आधी ज्या चढावर चाकं नुसती फिरत होती, तिथे गाडी पहिल्या गिअरमध्ये, रेस न करता वर जाते.

दोन पथ्यं पाळा. कमी हवेवर वेग आणि झटकन वळणं टाळा, नाहीतर टायर रिंगमधून निसटतो. आणि डांबर लागलं की आधी हवा भरा, मगच निघा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि विश्वासाचं गेज जवळ हवं. माझ्या मते दिव्यांची पट्टी घ्यायची की कॉम्प्रेसर, हा प्रश्नच असू नये.

अडकलीच तर

कितीही तयारी केली तरी गाडी कधीतरी रुतणारच. आमच्याकडे मदतीला बहुतेक वेळा ट्रॅक्टर येतो, आणि ट्रॅक्टरवाल्याकडे साखळी असते. ओढताना तुटलेली साखळी किंवा वायररोप ज्या वेगानं उलटी येते, त्यापुढे माणूस टिकत नाही. म्हणून स्वतःचा पट्टा गाडीत हवा, त्यावर किती टनांचा आहे ते छापलेलं हवं, आणि त्याबरोबर भार क्षमता कोरलेले दोन शॅकल. बाजारात मिळणाऱ्या पाऊण इंची बो शॅकलवर साधारण पावणेपाच टनांचा शिक्का असतो. हलक्या गाडीला तो पुरेसा.

पट्टा अडकवायचा तो चॅसीला बोल्ट केलेल्या हुकात. बंपर, स्टिअरिंगचा रॉड, पाट्याचा शॅकल किंवा ट्रेलरचा गोळा या जागा ओढण्यासाठी नाहीत. ट्रेलरचा गोळा तुटला तर तो गोळीसारखा सुटतो. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं टाकावं, म्हणजे तुटला तरी तो खाली बसतो. बघे लोक पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावेत. मुलांना तर आधी घरी पाठवावं. याखेरीज एक लहान फावडं, जॅकखाली ठेवायला फळीचा जाड तुकडा आणि हातमोजे. चाकापुढची माती काढून उतार सोपा केला तर बऱ्याच वेळा ओढायची गरजच पडत नाही.

पोटाखाली आणि पाण्यात

आमच्याकडचे ड्रायव्हर 'चेंबर लागला' म्हणतात तेव्हा इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं दगडावर आदळलेलं असतं. ते फुटलं तर तेल सांडून इंजिन काही मिनिटांत जाम होतं. वहीत पोट घासल्याच्या नोंदी जास्त असतील तर चेंबर आणि ट्रान्स्फर केसखाली जाड पत्रा बसवणं हा योग्य खर्च आहे. पत्रा चॅसीला बोल्टनं धरलेला हवा आणि त्यात तेल सोडायला भोक हवं, नाहीतर दर सर्व्हिसला तो पूर्ण उतरवावा लागतो.

ओढ्याची गोष्ट वेगळी आहे. चाकांच्या धुऱ्यावरचं डिफरन्शियलचं हाउसिंग चालून गरम झालेलं असतं. ते गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी आत ओढून घेते. हाउसिंगवर हवा जाण्या-येण्यासाठी एक बारीक ब्रीदर असतो. त्याला रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेऊन ठेवली की ब्रीदरमधून पाणी शिरायची वाट बंद होते. काम अर्ध्या तासाचं, खर्च काही शेकड्यांचा. पाण्यातून बऱ्याचदा गेलं असाल तर डिफरन्शियलचा बोल्ट थोडा ढिला करून तेल बघा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलेलं आहे, लगेच बदला.

इंजिनात हवेच्या वाटेनं पाणी गेलं तर प्रकरण गंभीर. पाणी हवेसारखं दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. अशा नुकसानीची भरपाई साध्या विम्यात बहुधा मिळत नाही, त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं.

स्नॉर्केलनं हवा वरून घेतली जाते, पण वायरिंग, बेअरिंग आणि ब्रेक पाण्यातच राहतात. नव्या थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा सांगते, तीही संथ पाण्याची. वाहत्या पाण्याला गाडी बाजूनं ढकलायला फार खोली लागत नाही. माझा नियम साधा आहे: ज्या पाण्यातून मी काठी घेऊन चालत जाऊ शकत नाही, त्यात गाडी घालत नाही. पलीकडे गेल्यावर हळू चालत ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवून घ्यायचे.

जे पुढच्या वर्षावर ढकलता येतं

उंची वाढवणारा किट सर्वांना आवडतो. त्यानं बॉडी वर जाते, पण सलग धुऱ्याच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त टायरनं. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, गुरुत्वमध्य वर गेल्यानं तिरक्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. हे सगळं नीट जुळवायचं तर किटच्या किमतीइतकाच खर्च मागाहून येतो.

डिफरन्शियलचं लॉक ही खरोखर उपयोगाची वस्तू आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की तेच फिरत राहतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. लॉक दोन्ही चाकं एकत्र फिरवतं. पण ते महाग, आणि बसवणारा हात जाणता हवा. मोकळे पाटे, योग्य हवा आणि चाक उचलणार नाही अशी वाट निवडणं, एवढ्यावर बराच प्रवास होतो. विंचचंही, म्हणजे दोर गुंडाळत गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचंही, तसंच. तिला धरायला समोर झाड किंवा दुसरी गाडी लागते, आणि आमच्या उघड्या सड्यांवर झाडच नसतं. एकट्यानं जंगलाच्या कडेला फिरणाऱ्यानं तिचा विचार करावा, तेही बाकी सगळं झाल्यावर.

कायदा आणि जमीन

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे ती कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांपासून वेगळी होईल. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिले होते. त्या गार्डमुळे पायी माणसाला जास्त इजा होते आणि एअरबॅगचं कामही बिघडू शकतं. म्हणून काही बदलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो.

जमिनीचंही तेवढंच महत्त्व. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे परवानगीशिवाय गाडी घालायची नाही. कासच्या पठारासारख्या सड्यांवर कातळावर मातीचा पातळ थर असतो आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्यावर जगतात. एका गाडीच्या चाकोरीनं तो थर सोलून निघतो. माझी गाडी वाडीच्या वाटेवरून जाते, गवतावरून जात नाही. ज्यांच्या गुरांसाठी मी जाते, ती गुरं त्याच गवतावर चरतात. पाणंद खराब केली तर दुसऱ्या दिवशी दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बाईचा पाय तिथे घसरतो.

माझा हिशेब

माझ्यासारख्या जुन्या, हलक्या गाडीसाठी कुणी ऐंशी हजार बाजूला काढले असतील, तर मी ते असे वाटेन. दुरुस्ती, पाटे, बुश, ब्रेक आणि वायरिंगला वीस. स्टेपनी धरून पाच टायरांना छत्तीस. कॉम्प्रेसर आणि गेजला चार. पट्टा, शॅकल, फावडं यांना नऊ. पोटाखालचा पत्रा आणि ब्रीदरच्या नळ्यांना सहा. उरलेले पाच हजार हात न लावता ठेवायचे, कारण गाडी खोलली की आत काहीतरी निघतंच. दुकान आणि गाव बदललं की आकडे बदलतील. वाटण्या आणि क्रम मात्र हाच ठेवा. ऐंशी एकदम जमत नसतील तर वरून सुरू करा आणि जिथे पैसे संपतील तिथे थांबा. प्रत्येक टप्प्यावर गाडी आधीपेक्षा भरवशाची झालेली असेल.

वेळही पाळावी लागते. मे महिन्यात मी घटसर्प आणि फऱ्याच्या लसी घेऊन वाड्यांवर फिरते, तेव्हा वाटा कोरड्या असतात. त्याच फेऱ्यांत मी वही उघडून गेल्या पावसाच्या नोंदी वाचते, दगड कुठे उघडे पडलेत ते उतरून बघते आणि यंदाचा खर्च ठरवते. तुम्हीही तसंच करा. पाऊस सुरू झाल्यावर गॅरेजमध्ये रांग लागते आणि घाईत भलतंच काही घेतलं जातं. मृगाच्या आधी गाडी मिस्त्रीकडून तयार होऊन यायला हवी, आणि त्याच्याकडे जाताना दुकानाची यादी घरी ठेवून वही बरोबर न्यायला हवी.